दर आठ-दहा महिन्यांनी बॅटरी बसते? चौथी घेण्याआधी मीटर लावा

मार्च २०२३ मध्ये मी बाबांच्या मोटरसायकलला तिसरी बॅटरी बसवली. पहिली ऑगस्ट २०२१ मध्ये, दुसरी जून २०२२ मध्ये. सलग दोन बॅटऱ्या नऊ-दहा महिन्यांत बसल्या, आणि दोन्ही वेळा मी दुकानात जाऊन नवी घेतली. तिसरीच्या वेळी मात्र एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी माझ्या हातातली नवी बॅटरी काढून बाकावर ठेवली आणि म्हणाले, "ही राहू दे बाजूला. आधी गाडीला काय दुखतंय ते बघू." त्या दिवशी जे शिकलो आणि त्यानंतर नात्यातल्या, शेजारच्या सात-आठ गाड्यांवर जे करून पाहिलं, ते इथे लिहितो आहे. जुन्या गाडीची बॅटरी पुन्हा पुन्हा जात असेल तर बहुतेक वेळा दोष बॅटरीत नसतो, आणि तो शोधायला घरच्या घरी एक साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो.

गाडी २००८ ची आहे, १२५ सीसी, कार्ब्युरेटरवाली, सेल्फ आणि किक दोन्ही. बॅटरी १२ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची (म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा ती पडवीत उभी होती आणि सीटच्याही वर पाणी चढलं होतं. नंतर इंजिन उघडलं, ऑइल दोनदा बदललं, कार्ब्युरेटर धुतला, टाकीतला गाळ काढला. गाडी चालू झाली तेव्हा बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण वायरिंगचे कपलर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारे प्लॅस्टिकचे जोड, कुणी उघडून पाहिले नाहीत. त्या महिन्यात गावातल्या प्रत्येक गॅरेजसमोर चिखलाने माखलेल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, मेकॅनिक रात्री-रात्री जागत होते. तेव्हा राहून गेलेलं ते काम मला पुढे दोन बॅटऱ्यांना पडलं.

लक्षणं नीट ऐका

बॅटरी "गेली" हा शब्द आपण चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. सेल्फ दाबल्यावर नुसतं टक टक टक होतं आणि गाडीच्या मीटरवरचे दिवे मंद होतात, ही उतरलेली बॅटरी. एकदाच टक होतं आणि दिवे तसेच लख्ख राहतात, तेव्हा बॅटरीपेक्षा सेल्फची मोटर, तिचे कार्बन किंवा रिले (मोटरला वीज सोडणारा स्विच) यांच्याकडे बघायचं. चावी फिरवली तरी काहीच नाही, दिवा नाही, हॉर्न नाही, तर आधी फ्यूज. आणि चौथं लक्षण, ज्याकडे मी दीड वर्ष दुर्लक्ष केलं: नवीकोरी बॅटरी, सेल्फ एका फटक्यात लागतो, पण हॉर्न घोगरा आणि इंजिन बंद असताना इंडिकेटर मलूल.

हे चौथं लक्षण फार बोलकं आहे. सेल्फच्या मोटरला जाणारी जाड वायर बॅटरीवरून थेट रिलेमार्गे जाते, तिच्या वाटेत मुख्य फ्यूज येत नाही. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट यांची वीज मात्र फ्यूजमधून जाते. सेल्फ जोरात आणि हॉर्न दमलेला, याचा अर्थ बॅटरी ठणठणीत आहे आणि फ्यूजच्या वाटेवर कुठेतरी वीज अडते आहे. काकांना मी गाडी लावता लावता हॉर्न वाजवून दाखवला होता. त्यांचा अंदाज तिथेच झाला असावा असं आता वाटतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. "हेडलाइट मस्त पडतो, रेस दिली की आणखी वाढतो, म्हणजे चार्जिंग बरोबर आहे" असं मला दोघांनी सांगितलं होतं. त्या काळच्या बऱ्याच १००-१२५ सीसी गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही, इंजिनाच्या मॅग्नेट कॉइलवर (इंजिन फिरताना वीज तयार करणारी तारेची गुंडाळी) थेट चालतो. म्हणून तर इंजिन बंद असताना तो लागत नाही. अशा हेडलाइटवरून बॅटरीला काय मिळतंय याचा काहीच पत्ता लागत नाही. तीच गोष्ट किकची. यांतल्या अनेक गाड्यांचं इग्निशनही कॉइलवर चालतं, त्यामुळे बॅटरी पार मेलेली असली तरी किकने गाडी चालू होते आणि मालक महिनोन्महिने निर्धास्त राहतो.

पहिला आकडा: गाडी बंद, बॅटरी शांत

मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजला. गाडी चालवून आल्या आल्या मोजू नका, तेव्हा आकडा फुगलेला येतो. रात्रभर उभी राहू द्या, सकाळी चावी न लावता मोजा. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं मायनसवर. टोक बॅटरीच्या मूळ शिशाच्या टर्मिनलवर टेकवायचं, त्यावरच्या नटबोल्टवर नाही. गंज मध्ये असेल तर आकडा चुकतो.

१२.६ ते १२.८ आलं तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या आसपास म्हणजे तळाला थोडीशी उरलेली. या बॅटरीत सहा खण (सेल) असतात, प्रत्येकाचे सुमारे २.१ व्होल्ट. म्हणून चार्ज केल्यावरही आकडा १०.५ च्या जवळ अडकून राहत असेल तर एक खण आतून शॉर्ट झाला असं समजा. त्या बॅटरीला आता काही इलाज नाही.

पण १२.१ किंवा १२.२ बघून लगेच बॅटरीला मारून टाकू नका. ती उपाशी असेल. शिशाच्या बॅटरीची मोठी खोड अशी की ती अर्धी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरायला लागतात. ताजे असताना चार्जिंगने विरघळतात, आठवडे गेले की घट्ट होतात, आणि तेवढी प्लेट कायमची कामातून जाते. माझ्या पहिल्या दोन्ही बॅटऱ्या अशाच गेल्या. रोज थोडं कमी पोट भरत होतं, महिनोन्महिने. बनवणाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता.

पुढची चाचणी सेल्फची. मीटर तसाच लावून ठेवा आणि दुसऱ्याला दोन-तीन सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा ९.५ च्या खाली न जाता टिकला तर बॅटरीत जोर आहे. ७-८ पर्यंत कोसळत असेल, आणि बॅटरी आधी नीट चार्ज केलेली असेल, तर ती खरंच गेली.

दुसरा आकडा: इंजिन चालू

इथे बहुतेक दोष पकडले जातात. इंजिन थोडं तापू द्या. मीटर बॅटरीवरच. आयडलला, म्हणजे रेस न देता, जुन्या गाड्या १२.८-१३.२ दाखवतात, त्याची चिंता नको. रेस वाढवा. या गाड्यांना आरपीएमचा काटा नसतो, तर टॉप गिअरमध्ये पन्नासच्या वेगाला इंजिनाचा जो आवाज असतो तेवढा आवाज येईपर्यंत वाढवा. आता आकडा १३.५ ते १४.५ मध्ये स्थिर व्हायला हवा.

माझ्या गाडीचा आला १३.०.

"बारा व्होल्टच्या बॅटरीला तेरा मिळतायत की," मी म्हणालो.

काका म्हणाले, "घागर भरायची तर नळ घागरीच्या वर पाहिजे ना रे. काठाला टेकवून धरलास तर कधी भरणार?" भरलेली बॅटरी स्वतःच १२.७ वर असते. तिच्यात वीज ढकलायची तर वरून पुरेसा दाब लागतो. १३ व्होल्टवर ती कधीच पूर्ण भरत नाही. सेल्फ लागतो, हॉर्न वाजतो, आणि आत खडे धरत राहतात. नवी बॅटरी हे आठ-दहा महिने सोसते, म्हणूनच आपल्याला वाटत राहतं की बॅटरी हलकी मिळाली.

आकडा उलट बाजूला, १५ किंवा त्याहून वर जात असेल तर रेग्युलेटर, म्हणजे कॉइलची वीज बॅटरीला मापात देणारा भाग, गॅरेजात ज्याला आरआर युनिट म्हणतात ते, वीज आवरत नाही. अशा गाडीची ओळख सोपी असते: दर पंधरा दिवसांनी बॅटरीतलं पाणी खाली, बल्ब वारंवार उडणं, बॅटरीजवळ सडक्या अंड्यासारखा वास, आणि सीलबंद बॅटरी असेल तर तिची पोटं फुगलेली. तिथे आरआर युनिट बदलल्याशिवाय नवी बॅटरी बसवणं म्हणजे तीही उकळायला ठेवणं. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका, तिच्याजवळ काडी ओढू नका. आतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो.

रेस वाढवूनही आकडा सकाळच्या उभ्या आकड्यावरून हलतच नसेल तर चार्जिंग बंद आहे. मग कॉइल, आरआर युनिट किंवा मधली तुटलेली वायर. इंजिनातून येणारा कपलर सोडवून कॉइलचा एसी व्होल्टेज मोजता येतो. रेस दिल्यावर तो भरभर वाढायला हवा. वाढला तर कॉइल जिवंत आहे आणि संशय आरआर युनिटवर जातो. कॉइलला बॉडीशी कंटिन्युइटी (वीज आरपार जाते असं मीटरने दाखवणं) दिसली की कॉइल जळाली, असं सरसकट सांगतात. ते तीन वायरींच्या थ्री-फेज कॉइलला लागू आहे. आपल्या जुन्या साध्या गाड्यांत कॉइलचं एक टोक मुळातच बॉडीला अर्थिंग केलेलं, म्हणजे जोडलेलं, असतं, तिथे कंटिन्युइटी दिसणारच. या घोळात चांगली कॉइल काढून फेकलेली मी पाहिली आहे, आणि तिच्यासाठी मॅग्नेट खोलायची मजुरीही गेली.

वीज कुठे मुरते

१३.० दिसल्यावर मी आरआर युनिट बदलायला निघालो होतो. काकांनी थांबवलं आणि जे केलं ते मला आजवर कुठल्याही गॅरेजात कुणी करून दाखवलं नव्हतं. त्यांनी काळं टोक बॅटरीच्या मायनसवर ठेवलं आणि लाल टोक आरआर युनिटमधून बॅटरीकडे निघणाऱ्या वायरीवर, कपलरच्या मागून पिनेला टेकवलं. रेस दिली. १४.२. म्हणजे युनिट चोख काम करत होतं. तिथून निघताना १४.२ आणि बॅटरीवर पोचताना १३.०. मधल्या दीड-दोन फूट वायरीत १.२ व्होल्ट मुरत होते.

मग त्यांनी त्या वाटेचे तुकडे पाडले. इंजिन चालू, रेस तेवढीच. मीटरची दोन्ही टोकं एकाच वायरीवर, कपलरच्या अलीकडे आणि पलीकडे: ०.४. फ्यूजच्या डबीच्या अलीकडे आणि पलीकडे: ०.८. बेरीज जुळली. चांगल्या जोडावर हा आकडा जवळजवळ शून्य असतो. संपूर्ण वाटेवर मिळून ०.२-०.३ च्या वर दिसला की कुठेतरी गंज आहे. मायनसच्या बाजूला, बॅटरीचा मायनस आणि इंजिनाची उघडी धातू यांच्यामध्ये, ०.०५ आलं, म्हणजे अर्थिंग चांगलं होतं. पुष्कळ गाड्यांत मात्र दोष नेमका तिथेच निघतो: चेसिसला अर्थिंगची वायर पकडणाऱ्या बोल्टखाली रंग किंवा गंज.

फ्यूजची डबी उघडली. आत वाळलेला बारीक पिवळट गाळ, पुराचा. फ्यूज पकडणाऱ्या पितळी पट्ट्या हिरव्या, आणि प्लॅस्टिक एका बाजूला तपकिरी पडलेलं. फ्यूज स्वतः शाबूत होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. प्रत्येक वेळी "फ्यूज ठीक आहे" म्हणून डबी बंद केली होती. आरआर युनिटच्या कपलरमधली एक पिन काळवंडलेली होती. पिन पॉलिश पेपरने घासून कपलर थोडा आवळला, फ्यूजची डबी नवी घातली. अर्ध्या तासाचं काम आणि चहा-वड्यापुरते पैसे. गाडी पुन्हा चालू करून मोजलं: बॅटरीवर १४.१. हॉर्न वाजवला तर बाबा घरातून बाहेर आले, त्यांना वाटलं दुसरीच गाडी आली.

पूर प्रत्येकाच्या गाडीने पाहिलेला नसतो, पण कोकणात समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हेच काम सावकाश करतात. प्रेशरच्या पाण्याने धुणं तर फारच वाईट. सर्व्हिसिंगला दिली की सीटखाली पाण्याचा फवारा मारतात आणि कपलरमध्ये पाणी साठून राहतं. सीटखाली पाणी मारू नका, असं मी आता गाडी देतानाच सांगतो.

कपलर साफ करताना पिनांवर ग्रीसचा गोळा भरू नका. कोरडे घासा, जमल्यास कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिन घट्ट बसते का बघा. व्हॅसलिन लावायचं ते बॅटरीच्या टर्मिनलवर, नट आवळून झाल्यानंतर, बाहेरून पातळसं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. फेस येईल, तो थांबला की साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाता कामा नये.

चार्जिंग बरोबर, तरी उभ्या उभ्या उतरते

हा वेगळा आजार. गाडी रोज चालवली तर त्रास नाही, चार दिवस गावाला गेलात की सेल्फ मेला. कुठेतरी वीज गळते आहे.

मोजायची पद्धत: चावी काढून घ्या. बॅटरीची मायनस वायर सोडवा. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला, आणि मीटर सोडवलेली वायर आणि मायनस टर्मिनल यांच्यामध्ये जोडा. आकडा अगदी लहान असेल तर मग मिलिअँपिअरच्या रेंजवर या. हे चालू असताना चावी फिरवायची नाही आणि सेल्फला तर हातही लावायचा नाही. मीटरचा फ्यूज उडेल, स्वस्त मीटर असेल तर मीटरच जाईल. काम झालं की लाल पिन आठवणीने व्होल्टच्या भोकात परत घाला. तशीच राहिली आणि नंतर बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलात तर थेट शॉर्ट होईल.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत चावी बंद असताना हा आकडा शून्याच्या आसपासच हवा. माझ्या मावसभावाच्या गाडीवर तो ४५ मिलिअँपिअर आला. गणित करून बघा: ५ अँपिअर-अवर भागिले ०.०४५, म्हणजे सुमारे १११ तास. साडेचार दिवसांत भरलेली बॅटरी ठार, आणि सेल्फ ओढायचा जोर तर त्याच्या कितीतरी आधी संपतो. एकेक वायर सोडवत गेलो. हँडलवरचा मोबाइल चार्जर, थेट बॅटरीवर जोडलेला. त्याचा छोटा निळा दिवा रात्रंदिवस जळत होता. चार्जर चावीच्या पुढच्या वायरीवर घेतला आणि गळती थांबली. चोर-अलार्म आणि जीपीएस ट्रॅकर यांचीही हीच तऱ्हा. ट्रॅकर हवाच असेल तर तो चावीवर घेऊन चालणार नाही हे खरं. मग गाडी उभी राहणार असेल तेव्हा आठवड्यातून एकदा बॅटरी चार्ज करायची तयारी ठेवावी लागते.

सगळं जोडलेलं काढल्यावरही गळती तशीच राहिली तर आरआर युनिटचा कपलर सोडवून बघा. आकडा पडला तर युनिट आतून उलटी वीज सोडतंय.

चावीच्या कुलपात पार्किंगची वेगळी जागा असलेल्या काही गाड्यांत चावी एक घर पुढे फिरली की मागचा दिवा रात्रभर जळतो, आणि चावी निघालेली असल्याने शंकाही येत नाही. आणि पायाच्या ब्रेकचा स्विच. त्याची स्प्रिंग सैल पडली किंवा चिखलाने अडकली की गाडी चालू असताना ब्रेक लाइट सतत जळत राहतो. तो बल्ब २१ वॉटचा, म्हणजे पावणेदोन अँपिअर. लहान गाडीचं चार्जिंग मुळात तेवढंच, सगळं त्या एका दिव्यात जातं. संध्याकाळी भिंतीकडे पाठ करून गाडी उभी करा, इंजिन चालू ठेवा, ब्रेक न दाबता भिंतीवर लाल उजेड किती पडतो ते बघा.

वरून बसवलेले फॉग लाइट, दोन-दोन हॉर्न याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या गाड्यांची कॉइल त्यासाठी केलेली नाही. इंजिन चालू, सगळे दिवे लावलेले, रेस दिलेली, आणि तरी बॅटरीवर १३ च्या खाली येत असेल तर काहीतरी उतरवावंच लागेल. मोठ्या अँपिअर-अवरची बॅटरी घालून हे सुटत नाही. मोठी टाकी बसवली म्हणून विहिरीला पाणी वाढत नाही.

सेल्फच्या बाबतीतही आकड्यांनी माझा एक समज बदलला. सेल्फ ५० अँपिअर ओढतो असं धरलं, तर दोन सेकंदांत जेमतेम ०.०३ अँपिअर-अवर जातात. निरोगी चार्जिंग ते थोड्याच वेळात भरून काढतं. पण चोक बिघडलेला, प्लग काळा पडलेला, कार्ब्युरेटर कचरा धरलेला, आणि माणूस पाच-पाच सेकंदांचे सहा सेल्फ मारतो, तेव्हा ०.४ च्या वर जातात, म्हणजे ५ च्या बॅटरीतला बारावा हिस्सा एका सकाळी. अशा गाडीत बॅटरीआधी प्लग आणि कार्ब्युरेटर बघा. आणि किक आहे तर सकाळची पहिली चालू किकने करा.

बॅटरी खरंच गेली असेल तर

मग नवी घ्या. व्होल्ट, अँपिअर-अवर, लांबी-रुंदी-उंची आणि प्लस-मायनसची बाजू जुन्यासारखीच. उलट्या बाजूची घेऊन वायर ताणून जोडलेली मी पाहिली आहे. ती वायर पुढे फ्रेमवर घासून सोलली. बॅटरीवरचा तयार झाल्याचा महिना-साल विचारून बघा. आधीच ॲसिड भरलेली बॅटरी दुकानात वर्षभर पडून असेल तर तिच्यात खडे धरायला सुरुवात झालेली असते. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच मारून घ्या.

पाण्याची बॅटरी घेणार असाल तर घाई करू नका. दुकानदार ॲसिड ओततो, पाच मिनिटांत हातात देतो, आपण लगेच बसवतो. ॲसिड भरल्यावर अर्धा तास तरी प्लेटांना मुरू द्यायचं, पातळी खाली गेली तर भरून घ्यायची, आणि मग क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे ५ च्या बॅटरीला अर्ध्या अँपिअरने, काही तास चार्ज करून मगच गाडीत घालायची. हा पहिला चार्ज बुडवला तर बॅटरी जन्मभर अशक्त राहते. गाडीचं चार्जिंग ते भरून काढत नाही. दुकानदाराला "उद्या सकाळी नेतो, रात्री हळू चार्जिंगला लावून ठेवा" असं सांगितलं तर बहुतेक जण आनंदाने लावतात. नंतर पातळी कमी झाली की फक्त डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड कधीही नाही, कारण उन्हाने उडतं ते पाणी, ॲसिड आतच असतं.

काढताना आधी मायनस, मग प्लस. बसवताना आधी प्लस, मग मायनस. कारण साधं आहे: सगळी फ्रेम मायनसला जोडलेली असते. मायनस जोडलेला ठेवून प्लसचा नट सोडवताना पाना फ्रेमला टेकला की ठिणगी उडते, पाना तिथेच चिकटू शकतो. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. नट टर्मिनलमधून खाली निसटत राहतो, त्याखाली स्पंजचा छोटा तुकडा सरकवला की तो जागेवर उभा राहतो आणि बोल्ट सहज धरतो.

पाण्याच्या बॅटरीच्या हवेच्या नळीकडे लक्ष द्या. नव्या बॅटरीच्या त्या तोटीवर बंद टोपण असतं, ते काढून नळी लावायची. टोपण तसंच राहिलं तर आत गॅस कोंडून बॅटरी फुटू शकते. नळी कुठेही दबता कामा नये आणि तिचं टोक चेन, स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा दांडा) किंवा सायलेन्सरवर येता कामा नये. त्यातून येणारी वाफ ॲसिडची असते, बाबांच्या गाडीच्या स्विंग आर्मवरचा रंग तिनेच खाल्लेला आहे.

सीलबंद बॅटरी घालायला हरकत नाही, कटकट कमी. पण आधी चार्जिंगचा वरचा आकडा १४.५ च्या आत आहे ना हे बघूनच. हिच्यात पाणी घालता येत नाही, त्यामुळे जास्त चार्जिंग पाण्याच्या बॅटरीपेक्षा हिला लवकर मारतं.

बसवून झाल्यावर लगेच तीन आकडे मोजा: उभी गाडी, सेल्फ मारताना, रेसवर. मी ते तारखेसकट टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत मार्करने लिहिले आहेत, आणि दर गणपतीला, पाऊस ओसरत आला की, पुन्हा मोजून खाली लिहितो. मार्च २०२३ ची ती तिसरी बॅटरी त्यानंतरचे तीन पावसाळे चालली. रेसवरचा आकडा १४ च्या खाली गेला नाही.

जुनी बॅटरी माळ्यावर टाकू नका, भंगारात फोडायला देऊ नका. आतलं शिसं आणि ॲसिड माणसाला आणि विहिरीला दोन्हींना वाईट. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि दुकानदार जुनी घेऊन नव्याच्या किमतीत सूट देतात. उभीच न्या, पिशवीत आडवी घालू नका, आणि दोन्ही टर्मिनलांवर चिकटपट्टी लावा.